भिजायला घाबरणारा मेथडिस्ट

थॅडियस मेब्री माझ्या आयुष्यात आला तेव्हा त्याच्या बुटांत पाणी होतं. पाऊल टाकलं की पचपच आवाज यायचा, आणि तो आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो इतका जपून चालत होता की आधी मला वाटलं, बिचाऱ्याचा पाय अधू आहे.

एकोणीसशे एक्क्याऐंशीचा जून होता. आमच्या हॉलिस बेंडमध्ये जूनच्या दुपारी पाऊस येतो तो भांडायला आल्यासारखा येतो. अर्धा तास धिंगाणा घालतो आणि निघून जातो. तेवढ्या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी नाणं टाकून कपडे धुवायच्या लॉन्ड्रीत कामाला होते. गिऱ्हाईक नव्हतं, यंत्रं घरघरत होती, आणि ऐकणारं कोणी नसलं की मी जे करायचे तेच करत होते. गात होते. टॉवेलांच्या घड्या घालत, डोळे मिटून, पार पोटातून.

डोळे उघडले तर दारात हा! उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, आणि छातीशी एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्यावर स्वतःचा कोट पांघरलेला. म्हणजे स्वतः भिजलं तरी चालेल, खोका भिजता कामा नये, असा सगळा प्रकार.

"दुकान उघडं आहे का?" त्यानं विचारलं.

"दिवे लागलेत, यंत्रं फिरतायत, मी उभी आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं... मी मघाशीच आत यायला हवं होतं." तो ओशाळून हसला. "पण मग तुम्ही गाणं थांबवलं असतं."

माझे कान तापले. किती वेळ उभा होता कोण जाणे! मी तोऱ्यात विचारलं, कपडे कुठायत. तर म्हणे कपडे नाहीत, कागद आहेत.

"कागद आम्ही धूत नाही."

"धुऊन झालेत," तो म्हणाला. "वाळवायचे आहेत."

त्याची गाडी वळणावरच्या चिखलात रुतली होती आणि मागची काच वर जात नव्हती. मी ते ओले कागद उशीच्या अभ्र्यांत भरले, तोंडं बांधली आणि ड्रायरमध्ये टाकले. ड्रायर फिरायला लागला. आम्ही दोघं त्या गोल काचेपुढे उभे राहून आत बघत होतो, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायचं होतं. कागद बाहेर आले ते मक्याच्या वाळक्या सालींसारखे गुंडाळून. तो एकेक उलगडायला लागला, मी इस्त्री तापवली. पहिल्याच कागदावर शिष्यवृत्ती हा शब्द दिसला आणि माझा हात थबकला.

तो शब्द माझ्या फार जिव्हारी लागलेला होता.

मला कॉलेजात जायचं होतं. कुठल्याही नाही, त्या एकाच. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं आम्हा काळ्यांसाठी बंद होती तेव्हा आमच्या लोकांनी पै पै जोडून जी कॉलेजं उभी केली त्यांतलं एक, आमच्यापासून गाडीनं तीन तासांवर. माझे वडील होते तोवर दर वर्षी शरदात मला तिथल्या वार्षिक सोहळ्याची मिरवणूक दाखवायला न्यायचे. खांद्यावर बसवून सांगायचे, नेटा, ह्या विटांच्या इमारतीत तू राहणार. वडील गेले. प्रवेश मला मिळाला होता. सरकारी मदतीतून शिकवण्याची फी निघत होती. पण राहण्याजेवण्याचं काय? ते पैसे आईच्या पगारातून निघणं शक्य नव्हतं. आई, मिस आयडेला म्हणतात तिला सगळे, शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. जूनअखेर पैशांची सोय कळवली नाही तर माझी जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती, आणि जुलैपासून आईच्या शेजारच्या मशीनवर मी बसणार होते. तसा शब्दही तिनं मुकादमाकडे टाकून ठेवला होता.

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला इस्त्री करता करता सांगून टाकलं. तो त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. माजी विद्यार्थ्यांनी त्याला उन्हाळाभर कामाला ठेवलं होतं: गावोगाव फिरायचं, चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, शाळांत बसायचं आणि गरिबांच्या मुलांना सांगायचं की कुठे कुठे कोणती शिष्यवृत्ती पडून आहे. पडून असते म्हणाला तो. दर वर्षी कितीतरी शिष्यवृत्त्या कोणी मागितल्या नाहीत म्हणून तशाच राहतात.

"आणि तुम्ही त्या भिजवत हिंडता," मी म्हणाले.

"म्हणूनच देवानं वाटेत लॉन्ड्री ठेवली असेल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता कागद सारखे करायला लागला. त्याचा बूट पुन्हा पचकन वाजला. मी हसू दाबायला इस्त्री उचलली.

त्यानंतर तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागला. त्याच्या यादीत आमचं गाव महिन्यातून एकदाच होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

घड्या घालायच्या लांब टेबलावर आम्ही खोका उपडा करायचो. एका बाजूला चादरी, एका बाजूला शिष्यवृत्त्या. काय एकेक अटी असायच्या! एक होती रेल्वेत हमाली केलेल्यांच्या नातवंडांसाठी.

"आजोबा रेल्वेत होते?" त्यानं आशेनं विचारलं.

"नाही. पण रेल्वेनं त्यांचं खेचर उडवलं होतं."

"खेचराचं चालत नाही." त्यानं गंभीरपणे कागद बाजूला ठेवला. "अंत्यविधीवाल्यांच्या संघाची आहे. मुलीला पुढे तोच धंदा करायला लागेल."

"मेलेल्यांना आंघोळ घालायची?"

"तुला धुण्याचा अनुभव आहे, म्हणून म्हटलं."

मी ओला मोजा फेकून मारला. एक शिष्यवृत्ती केस विंचरणाऱ्या बायकांच्या मंडळाची होती, ती आदल्याच आठवड्यात दुसरीला गेली होती. शहरातल्या एका महिला क्लबाची होती, तिच्यासाठी दोघं मिळून गेलो. मी आईचा पांढरा पोशाख घालून, हातमोजे चढवून एका बाईंच्या दिवाणखान्यात बसले, केक खाल्ला, चहा न सांडता ओतला. बाई गोड बोलल्या. पण ती त्यांनी त्यांच्या ओळखीच्या दंतवैद्याच्या मुलीला दिली. परतताना थॅड गाडीचे गिअर आपटून आपटून टाकत होता. मग रस्त्याकडेला गाडी थांबवून उकडलेल्या शेंगा घेऊन आला आणि म्हणाला, की त्या बाईंच्या केकमध्ये लोणी कमी होतं. इतका राग आलेला माणूस इतकं सौम्य बोलताना मी पहिल्यांदाच बघितला. त्या दिवशी मला तो आवडायला लागला. आधीपासूनच आवडत होता, पण त्या दिवशी मी ते स्वतःशी कबूल केलं.

शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायचा. लोण्यात शिजवलेले पावटे, मक्याची भाकरी, तळलेला मासा. आई ताटात वाढता वाढता टोमणे मारायची.

"नेटा, हा मुलगा अर्ज भरायला येतो की पोट?"

"दोन्ही, मॅडम," थॅड म्हणायचा आणि ताट पुढे करायचा.

तो आमच्याच राज्यातल्या मोठ्या शहराचा, बर्मिंगहॅमचा. बाप मेथडिस्ट पाद्री. आईला ते कळल्यावर तिनं एक भुवई वर केली. आम्ही पक्के बाप्टिस्ट. आमच्याकडे माणूस कळता झाला की ओढ्यात पार बुडवून बाप्तिस्मा देतात. मेथडिस्ट तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडतात आणि झालं म्हणतात. आई पाद्र्याच्या मुलाला आदरानं वाढायची, पण पाठ वळली की म्हणायची, "कोरडा आहे गं तो."

आणि होताही कोरडा. पाण्याला घाबरायचा. एकदा आम्ही ओढ्यावर बसलो होतो. मी पाय पाण्यात सोडून, आणि तो चांगला चार हात मागे. मी चिडवलं तेव्हा म्हणाला, "आमच्या शहरानं पोहायच्या तलावांना कुलूप ठोकलं, पण आम्हाला आत येऊ दिलं नाही. शिकणार कुठे? एकदा खाणीच्या डबक्यात पडलो होतो... तेव्हापासून टबातही पाणी बेतानंच घेतो." हसत सांगितलं, पण हात गवतात घट्ट रुतलेला होता. मी सरकून मागे, त्याच्याजवळ जाऊन बसले. आमची करंगळी करंगळीला लागली. कोणीच हलवली नाही.

खोका हळूहळू रिकामा होत गेला. महिना संपत आला तेव्हा तळाशी एकच कागद उरला. थॅडनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण मी तो बघून उठून जाणार हे त्याला ठाऊक होतं. कॉलेजच्या गायनवृंदाची शिष्यवृत्ती. राहणं, जेवण, सगळं.

"ती मी घालवली," मी म्हणाले.

मार्चमध्ये गेले होते मी तिथे. वृंदाच्या प्रमुख डॉक्टर कॉर्बिन, सरळ पाठीच्या, निळी हॅट, हातात पेन्सिल. त्यांनी गा म्हटलं आणि माझा गळाच बंद झाला. एक चिरका सूर निघाला, दुसरा निघालाच नाही. वडील गेल्यापासून हे असंच होतं. कोणी पारखायला बसलं की गळ्याशी गाठ यायची. चर्चमध्ये दहा जणींत मिसळून गाताना काही नाही, यंत्रांच्या घरघरीत काही नाही, पण कोणी माझ्याकडे बघून ऐकायला लागलं की संपलं. डॉक्टर कॉर्बिननी पेन्सिल खाली ठेवली होती. त्या आवाजावरूनच मला कळलं, आता खाली बसायचं.

"मी ऐकलंय तुला," थॅड म्हणाला.

"तू चोरून ऐकलंस."

"मग त्यांनीही—"

"थॅड, पुरे."

त्यानं जाताना दारात वळून विचारलं, की रविवारी चर्चमध्ये कोण गाणार आहे. महिन्याचा चौथा रविवार आमच्याकडे तरुणांचा असतो, सगळं आम्ही गातो. मी म्हटलं, बोलावणीचं गाणं माझ्याकडे आहे, पण ते दोन कडव्यांचं काम आहे, त्यात कोणी ऐकत नाही, सगळ्यांना जेवणाची घाई असते.

बरं, म्हणाला तो. नुसतं बरं.

आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये प्रवचन संपलं की रेव्हरंड स्टॅलवर्थ दोन्ही हात पसरून म्हणायचे, चर्चचं दार उघडं आहे. पुढे दोन रिकाम्या खुर्च्या मांडल्या जायच्या. ज्याला या चर्चचं व्हायचं त्यानं उठून पुढे यायचं आणि खुर्चीत बसायचं. त्याला बोलावायला गाणं. कोणी उठलं नाही तर रेव्हरंड हात वर करून दोन कडव्यांत आटपायचे. पण कोणी एकदा पाऊल टाकलं, की तो पुढे पोचून, खुर्चीत बसून, रेव्हरंडनी त्याचा हात हातात घेईपर्यंत गाणं थांबवायचं नाही. कितीही वेळ लागो. आमच्याकडचा हा नियम जुना आणि फार कडक होता.

मी पुढे झाले. पियानो सुरू झाला. तोंड उघडलं आणि मागच्या बाकावर निळी हॅट दिसली.

सरळ पाठ. मांडीवर पेन्सिल. शेजारी थॅड, माझ्याकडे न बघता छताकडे बघत बसलेला.

मला त्याचा गळा दाबावासा वाटला, आणि दाबला गेला माझा. पहिलं कडवं कसंबसं निघालं, तेही मागच्या मुलींनी उचलून धरलं म्हणून. दुसऱ्यात माझा आवाज पार बसला. बायका हातपंख्यांनी वारा घेत आपापल्या पर्सा शोधायला लागल्या. कोणी उठत नव्हतं. आईनं मान खाली घातली. डॉक्टर कॉर्बिननी पेन्सिल पर्समध्ये टाकली. रेव्हरंडचा हात वर जायला लागला, आणि मला दिसलं ते कॉलरींचं मशीन, आईच्या शेजारचं.

तेवढ्यात थॅडियस मेब्री उठला.

मधल्या वाटेत आला आणि पुढे चालायला लागला. रेव्हरंडचा हात जिथल्या तिथे थांबला आणि मग माझ्याकडे वळून गोल फिरला: चालू ठेव. "या, बेटा!" म्हणून कोणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. मी तिसरं कडवं धरलं, कारण धरावंच लागलं.

आणि हा चालत होता. काय चालत होता! पहिल्या दिवशी बुटांतला आवाज लपवायला चालला होता तसा, पाऊल जपून जपून. वाटेत एका म्हातारीनं हात पुढे केला तर तो थांबून तिच्याशी दोन शब्द बोलला. दोन बाकं पुढे आला आणि पुन्हा थांबला, वाकला, आणि बुटाची नाडी बांधायला लागला.

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

मला ते वरून स्वच्छ दिसत होतं. बिननाडीचा काळा बूट, आणि हा मन लावून गाठ मारतोय. माझ्या पोटातून हसू उसळलं, आणि त्या हसण्याबरोबर गळ्यातली गाठ सुटली. मी डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडे बघत गायले. निळ्या हॅटकडे बघत गायले. वडील मला खांद्यावर घेऊन ज्या विटा दाखवायचे त्या आठवून गायले. कडवी संपली तर पहिल्यापासून धरली. आई उभी राहून रडत होती. तो खुर्चीत बसला तेव्हा माझा श्वास संपला होता आणि चर्चमध्ये पंखे थांबले होते.

रेव्हरंडनी त्याचा हात हातात घेतला, नाव विचारलं, आणि जाहीर केलं की येत्या रविवारी या तरुणाचा ओढ्यात बाप्तिस्मा होईल. थॅडचा चेहरा उतरला. तो कुजबुजत काहीतरी सांगायला लागला. आपलं लहानपणीच झालंय, वडील मेथडिस्ट पाद्री आहेत, शिंपडून झालंय. त्याला वाटलं होतं, हात मिळवला की काम भागेल.

"शिंपडतात ते इस्त्रीच्या आधी, बेटा," रेव्हरंड म्हणाले. "धुणं वेगळं."

बाहेर डॉक्टर कॉर्बिन गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. मी समोर गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मार्चमध्ये माझ्यासमोर उभी होती ती मुलगी कोण?"

"मीच, मॅडम."

"नाही. ती नव्हेस तू." त्यांनी हातमोजा ओढून घट्ट केला. "ऑगस्टमध्ये अंथरूण घेऊन ये. जेवणाखाणाचं वृंद बघेल. कार्यालयाला मी उद्या सांगते."

मी धावत थॅडला शोधायला गेले. तो नव्हता. आठवडाभर लॉन्ड्रीत फिरकला नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. मला कॉलेज मिळालं होतं, सगळं गाव माझं कौतुक करत होतं, आणि मी टॉवेल उलटे घडी करत होते. तो देवासाठी उठला होता का? की गाण्यासाठी? की... पुढचं मनातही म्हणवत नव्हतं. आई म्हणाली, पळाला असेल बर्मिंगहॅमला. मेथडिस्ट आणि ओढा, छे.

पण रविवारी तो आला. पांढरा झगा, पांढरे मोजे, आणि दात वाजत होते, भर जुलैत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं. चर्चचा कारभार बघणारे एक म्हातारे डीकन काठीनं पाण्याची खोली बघत होते आणि थॅड त्या काठीकडे बघत होता. मी लॉन्ड्रीतला सगळ्यांत मोठा टॉवेल घेऊन काठावर उभी. तो माझ्याजवळून गेला आणि थांबला.

"वडिलांना फोन केला," तो हळूच म्हणाला. "त्यांनी एवढंच विचारलं, ओढा किती खोल आहे."

"कमरेएवढा आहे, थॅड."

"कोणाच्या कमरेएवढा?"

रेव्हरंड स्टॅलवर्थ पाण्यात उभे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, बेटा, तू कशासाठी पुढे आलास? याचं एक ठरलेलं उत्तर असतं, सगळ्यांना पाठ असतं. थॅड पाण्याच्या कडेला उभा राहिला. त्याचे मोजे भिजले.

"रेव्हरंड, खोटं बोलून मी पाण्यात उतरणार नाही." त्याचा आवाज दोन्ही काठांना ऐकू जात होता. "मी देवासाठी उठलो नव्हतो. तुम्ही हात वर करत होता, आणि... नेटाचं गाणं थांबू द्यायचं नव्हतं मला. पहिल्या दिवसापासून नव्हतं. ती जिथे गाईल तिथे मला बसायचंय. हे एवढंच होतं."

आईनं माझं कोपर इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

रेव्हरंडनी सावकाश आजूबाजूच्या पुरुषांवरून नजर फिरवली.

"बेटा, या चर्चमधले निम्मे पुरुष एखाद्या मुलीसाठीच पुढे आले होते," ते म्हणाले. "देव त्यांना मागाहून भेटला. तुला देवाचं काही वावडं आहे का?"

"नाही, रेव्हरंड. पाण्याचं आहे."

"मग ये उतरून."

हास्याचा लोट उठला. थॅडनं वळून माझ्याकडे पाहिलं. बायकांचं गाणं सुरू होत होतं.

"मी बाहेर येईपर्यंत गाशील?"

"माणूस बाहेर येईपर्यंत आम्ही थांबत नाही," मी म्हणाले. "नियमच आहे."

तो उतरला. मी गायले. तो पाण्याखाली गेला तेव्हाही गायले, आणि वर आला, धापा टाकत, डोळे चोळत, जिवंत, तेव्हा मी गात गातच पाण्यात शिरले, बुटांसकट, आणि त्याला टॉवेलात गुंडाळलं. माझ्याही बुटांत पाणी गेलं. परतताना दोघंही पचपच वाजत होतो.

याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली. त्या विटांच्या इमारतीत मी राहिले, त्या वृंदात गायले, मग इथेच शाळेत गाणं शिकवलं. थॅड माउंट नेबोचा डीकन झाला. ओढ्याची खोली बघायची काठी आता त्याच्याकडे असते, आणि तो ती दोनदा बुडवून बघतो. दर जूनमध्ये चर्चच्या तळघरात आम्ही एक लांब टेबल मांडतो. मुलं येतात, खोका उपडा होतो, आणि तो प्रत्येकाला तितक्याच आशेनं विचारतो, आजोबा रेल्वेत होते का?

त्या बाप्तिस्म्यानंतर तो बोलावणीला कधीच पुढे आला नाही. यायची गरजही नव्हती.

गेल्या चौथ्या रविवारी मुलांनी हट्ट केला म्हणून बोलावणीचं गाणं मी घेतलं. वय झालंय माझं, यंदा थंडीत छातीनंही त्रास दिला. दुसऱ्या कडव्यात आवाज अडकला. जुनी गाठ, तीच जागा. बायका पर्सा शोधायला लागल्या. आमचा नवा रेव्हरंड तरुण आहे, घाईत असतो. त्याचा हात वर जायला लागला.

तेवढ्यात डीकनांच्या बाकावर हालचाल झाली. थॅड उठला. गुडघा धरून, बाकाच्या पाठीला रेटा देऊन. सगळं चर्च बघत राहिलं. चाळीस वर्षं याच चर्चचा असलेला माणूस पुन्हा चर्चचा व्हायला निघाला होता. नवा रेव्हरंड गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, पण नियम म्हणजे नियम. त्यानं हात गोल फिरवला.

तो आला, पाऊल जपून जपून. अर्ध्या वाटेत थांबला, कण्हत वाकला, आणि बिननाडीच्या बुटाची नाडी बांधायला लागला.

मी तिसरं कडवं धरलं.